आधी वायसर, मग आयत

पत्र (थोडं आटोपतं करून):

अस्सलामु अलैकुम. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी संध्याकाळी मकतबमध्ये (मुलांच्या दीनी वर्गात) शिकवते. सात ते तेरा वयाची पस्तीसेक मुलं आहेत, बहुतेकांचे वडील दर्यावर जाणारे. रमजानमध्ये इफ्तारीचे प्लास्टिकचे पेले आणि बाटल्या मशिदीमागून थेट खाडीत जाताना पाहिल्या. वाटलं, मुलांना हे दीनच्या वाटेनं सांगावं. सूरह रूममधली ‘जमिनीवर आणि समुद्रात माणसांच्या हातांनी फसाद (बिघाड) माजला’ ही कुराणातली आयत (वचन) पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावली आणि समजावून सांगितली. एका मुलानं विचारलं, “आपा, कुराणात प्लास्टिक कुठे आहे?” मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाचे वडील पर्ससीन (मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) बोटीवर खलाशी आहेत. त्याला मुलं म्हणाली, “तुझा बाप फसादी.” तो रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी वडील दारात उभे. आवाज चढवला नाही. “आपा, पोराला सूरे शिकवा, आमच्या धंद्यात पडू नका,” एवढंच बोलले आणि त्याला घेऊन गेले. एक विश्वस्त म्हणतात, पर्यावरण शाळेत शिकवतात, इथं कशाला? मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, डीएड आहे. सोडून देऊ का हा नाद?

उत्तर:

वअलैकुम अस्सलाम, आपा.

नाद सोडू नका. तो पुठ्ठा मात्र उतरवा. हे वाचून झालं की लगेच.

आयतीत काही खोट आहे म्हणून नव्हे. तुम्ही ती अर्धी लिहिलीत म्हणून. एकट्या तुम्हीच नाही, मी जिथं जिथं ही आयत भिंतीवर पाहिली, तिथं ती फसादपाशीच थांबलेली होती. सूरह रूमची ही एक्केचाळिसावी आयत पुढं सांगते की माणसांनी जे केलं त्यातलं थोडंसं त्यांना चाखायला मिळावं, आणि ते का, तर ‘लअल्लहुम यरजिऊन’, कदाचित ते मागं फिरतील. आयत संपते ती मागं फिरण्याच्या वाटेवर. आपण ती वाट कापून टाकतो, उरलेल्या तुकड्याचा दंडुका करतो आणि मग मुलं तो वर्गातल्याच एखाद्या पोराच्या पाठीत घालतात. मुलांचं चुकलं नाही, हातात दिलेली वस्तू त्यांनी वापरली.

शिवाय आयत ‘लोकांच्या हातांनी’ म्हणते. हात अनेक आहेत. खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर मजुरी करतो. बोट कुणाची, डिझेलला उचल कुणी दिली, बंदरावर बर्फ घेऊन कोण उभं आहे, परदेशात माल कोण पाठवतं, आणि शुक्रवारी सुरमई थोडी लहान मिळाली म्हणून नाक मुरडणारी मीसुद्धा. ह्या सगळ्या हातांतून तुमच्या वर्गानं नेमका एकच हात उचलला, आणि तो सगळ्यांत कमी पैसे मिळवणारा होता.

तर पहिलं काम त्या घरी जाण्याचं. मुलाला परत पाठवा असं म्हणायला जाऊ नका. चहाला जा. “माझ्या वर्गात तुमच्या मुलाला वाईट बोललं गेलं, ते माझ्यामुळं झालं,” एवढं सांगा आणि गप्प बसा. तो माणूस बोलेल. दर्यावरची माणसं मासळीविषयी विचारलं की थांबत नाहीत. त्यांच्या लहानपणी कुठली मासळी किती आत मिळायची, जाळ्याची आस (भोक) किती मोठी असायची, आता बारीक आसेच्या जाळ्यात काय काय येतं आणि त्यातलं किती परत टाकावं लागतं, हे त्यांना विचारा. पर्ससीनवर 2016 पासून राज्यात वर्षातल्या ठरावीक महिन्यांचीच मर्यादा आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्रानं 2017 मध्ये मनाई केली. ह्याचा ताण त्या घरात रोज जेवणाच्या ताटाशी बसतो आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्यांना त्यातलं जास्त कळतं. जमलं तर पुढच्या महिन्यात एक दिवस त्यांनाच मकतबमध्ये बोलवा. जाळं कसं विणतात, लहान मासा आसेतून कसा निसटू द्यायचा, एवढं त्यांनी दाखवलं तरी पुरे. त्या मुलाची मान वर होईल. तुमची आयतही पूर्ण होईल, पुठ्ठ्याशिवाय.

आता प्लास्टिक.

“कुराणात प्लास्टिक कुठे आहे?” ह्या प्रश्नाला “कुठंच नाही” हे उत्तर आहे, आणि ते तसंच द्या. मला तो मुलगा फार आवडला. हल्ली कुठल्याही गोष्टीला ओढूनताणून आयत चिकटवायची एक खोड लागली आहे, ओझोनपासून मायक्रोचिपपर्यंत. मुलं ती पटकन ओळखतात, आणि एकदा का आपा ओढूनताणून सांगतात हे कळलं की खरं सांगितलेलंही त्याच खात्यात जमा होतं. कुराणात इस्राफ आहे, म्हणजे उधळपट्टी. ‘खा, प्या, पण उधळू नका’ हे सूरह आराफमध्ये सरळ आहे. ‘सहीह मुस्लिम’ ह्या संग्रहातल्या हदीसमध्ये (म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनात) आहे की इमानच्या सत्तरहून जास्त फांद्या आहेत आणि त्यातली सगळ्यांत खालची म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं. सावलीच्या जागी, वाटेवर घाण करणाऱ्यांना हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, आणि पाणवठ्याचंही नाव आलं आहे. एवढं मुलांपुढं ठेवा आणि त्यालाच विचारा, “आता बाटलीचं काय करायचं, तू सांग.” किताबात नसलेल्या गोष्टीसाठी किताबातल्या गोष्टीवरून वाट काढणं ह्याला आपल्याकडे कियास म्हणतात, आणि तुमच्या त्या पोरानं नकळत त्याचं दार ठोठावलं आहे. अर्थात मकतबमधली पोरं काही मुजतहिद (स्वतः शरियतचा निर्णय काढणारे पंडित) होणार नाहीत, फतवे त्यांच्याकडून नकोत. पण विचार करायला कुणाची परवानगी लागत नाही.

खरं तर तुम्ही भिंतीपासून सुरुवात केलीत. मी पाण्यापासून केली असती.

माझ्या आजोळच्या मशिदीत हौज होता. काठावर ॲल्युमिनियमचे लोटे पालथे घातलेले असायचे आणि पाण्यात बोटाएवढे मासे. आम्ही मुली असरची (दुपारनंतरची) नमाज झाली की शिकायला जायचो. मौलवीसाब डोळ्यांनी अधू, पण कानानं पक्के. लोटा दुसऱ्यांदा हौजात बुडाला की आवाज ऐकून विचारायचे, “कौन नहा रहा है?” सगळं वुजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) एका लोट्यात बसवायचं, हा आमचा खेळच झाला होता. तळाला राहिलेलं पाणी दाराशी अनंताच्या झाडाला. मग पुढं नळ आले, हौज बुजवून त्यावर फरशी बसली. आज तिथं वुजू करणारा माणूस बाह्या वर सारतो, नळ सोडतो, मग घड्याळ काढतो, मोबाईल कुठं ठेवावा ते बघतो आणि मग पहिला हात पुढं करतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत, जी 1802 मध्ये पुरी झाली आणि जिच्याशी आपल्या कोकणी मुसलमानांचं जुनं नातं आहे, तो जिवंत पाण्याचा तलाव अजून आहे, माशांसकट. कधी मुलांची सहल गेलीच तर दाखवा.

बुखारीत (हाही हदीसचा संग्रह) हदीस आहे की पैगंबरसाहेब एका मुद्दभर पाण्यात वुजू करत आणि एक साअ (म्हणजे चार मुद्द) ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल, म्हणजे पूर्ण आंघोळ. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आपण कोकणातले शाफई पंथाचे, आपल्या हिशेबानं ते पाऊण लिटरच्याही थोडं आतच भरतं. आता एक लिटरची रिकामी बाटली घ्या (इफ्तारीतून खाडीकडे निघालेलीच घ्या), पाऊण भागाला खडूनं रेघ मारा आणि वर्गात मधोमध ठेवा. काही बोलू नका. मग नळाखाली बादली धरून एकेकाला नेहमीसारखं वुजू करू द्या. बादलीत किती आलं ते मुलांनीच मोजावं. आकडा मी सांगत नाही, पोरांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही स्वतःही मोजा, शेवटी नको, सगळ्यांत आधी. आणि इमामसाहेब तयार झाले तर त्यांचंही. माझा अंदाज आहे की त्या संध्याकाळी आयत सांगायची गरजच पडणार नाही.

एक सावधगिरी. ही परीक्षा होऊ देऊ नका. काही मुलं आधीच वहमी असतात, कोपर कोरडं राहिलं का म्हणून पुन्हापुन्हा धुतात. त्यांना पाण्याच्या मापाचा नवा घोर लावायचा नाही. त्यांना उलटं सांगा की तीनदा धुतलं की झालं, चौथ्यांदा धुणं ही जास्तीची इबादत नाही, हदीसमध्ये त्याला हद्द ओलांडणं म्हटलं आहे. अशा मुलांना ह्यानं सुटल्यासारखं वाटतं. मी पाहिलं आहे.

वुजू करून खाली पडलेलं पाणी आपल्या फिकहप्रमाणं (धर्मशास्त्राप्रमाणं) पाकच असतं, फक्त त्यानं दुसरं वुजू होत नाही. म्हणजे ते गटारात सोडायचं काही कारण नाही. मशिदीच्या आवारात दोन तरी माड असतील. मुलांच्या हातात फावडं द्या आणि वुजूखान्यापासून माडापर्यंत पाट काढायला सांगा. मग ती हदीस सांगा, जी बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे: मुसलमानानं लावलेल्या झाडाचं, पेरलेल्या पिकाचं माणसानं, पाखरानं, जनावरानं काही खाल्लं तर ते लावणाऱ्याच्या नावावर सदका, म्हणजे दानाचं पुण्य. मुलं लगेच विचारतील, “वानरानं शहाळं पाडलं तरी?” हो, वानरानं पाडलं तरी. मुतवल्लींचा (मशिदीचा कारभार पाहणाऱ्यांचा) चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असेल.

ह्याच ओघात एक आयत, आणि तीही नवी शिकवायची नाही. तुमच्या घराघरांत रात्री सूरह मुल्क पढत असतील. मोठ्या मुलांना पाठही असेल. तिची शेवटची आयत प्रश्न आहे: तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याच्या कातळातून तो निसटून जातो. एप्रिल सरता सरता विहिरीचा तळ दिसतो, वाडीत टँकर येतो. मे महिन्यात मुलांना विहिरीच्या कठड्यापाशी न्या, खाली वाकून बघू द्या, आणि तिथंच ती आयत पढायला सांगा. त्यांना ती येते. अर्थ मराठीत एकदाच सांगा. बास.

आता विश्वस्त. “पर्यावरण इथं कशाला” ह्याला वाद घालून उत्तर मिळत नाही, पण एक गोष्ट सांगता येईल. झांजीबारच्या पेंबा बेटाच्या पश्चिमेला मिसाली नावाचं चिमुकलं बेट आहे. आजूबाजूच्या गावांतले मच्छीमार मुसलमान, आणि आपल्यासारखेच शाफई. तिथं अशी गोष्ट सांगतात की हजरत खिज्र (कथांमधले एक पुण्यपुरुष) तिथं आले, नमाजासाठी मुसल्ला (चटई) मागितला, कुणाकडे नव्हता. तेव्हा ते म्हणाले, हे बेटच किबल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड करून आहे, हाच माझा मुसल्ला. स्वाहिलीत मुसल्ल्याला ‘म्साला’ म्हणतात, त्यावरून मिसाली. अशा बेटाभोवतीच्या पोवळ्याच्या खडकांत सुरुंगाचे बार लावून मासे मारत. आपल्याकडे नदीत जिलेटिनचे तोटे टाकणारे आहेतच, तेव्हा फार आश्चर्य वाटायला नको. एका बारात टोपलीभर मासे तरंगून येतात, आणि ज्या खडकात ते वाढतात तो खडकच फुटतो. सरकारी बंदी होती, तिला फारसं कुणी जुमानत नव्हतं. 1998 मध्ये मिसाली संरक्षित क्षेत्र झालं. त्याच सुमारास बर्मिंगहॅमची, फजलुन खालिद ह्यांनी उभी केलेली एक इस्लामी पर्यावरण संस्था तिथं पोचली. त्यांनी नवा कायदा आणला नाही. मच्छीमार, इमाम आणि मदरशातले शिक्षक ह्यांना एकत्र बसवून खिलाफत (पृथ्वीची राखणदारी), अमानत (सोपवलेली ठेव), मीजान (समतोल), इस्राफ असले रोजचे शब्द दर्याच्या संदर्भात पुन्हा वाचले. पुढं ते जुम्म्याच्या खुतब्यात (प्रवचनात) आलं, मदरशांच्या शिक्षकांसाठी पुस्तिका झाली. सरकारकडे काणाडोळा करता येतो, अल्लाहच्या हुकुमाकडे नाही, अशा अर्थाचं तिथला एक मच्छीमार म्हणाल्याचं त्या वेळी छापून आलं होतं.

हे सांगताना फुगवून सांगू नका. नुसत्या खुतब्यानं तिथं काही झालेलं नाही. मच्छीमारांची स्वतःची संघटना होती, बेटाजवळचा एक पट्टा मासेमारीला पूर्ण बंद ठेवला होता, आणि बाकीच्या पाण्यात त्यांना मासेमारी करू दिली होती. पोट आधी धरलं, मग आयत. तुमच्या विश्वस्तांना हे पटायला हरकत नाही. आणि समुद्रापलीकडचा दाखला नको म्हणाले, तर पैगंबरसाहेबांनी मदीनेभोवतीची झाडं तोडायला मनाई केली होती, तो दाखला ठेवा. मदीनेला नको कसं म्हणतील?

मोहात पाडणारी एक गोष्ट मात्र यंदा सांगू नका. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीचा किस्सा आहे. शनिवारी मासेमारी बंद, आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर तरंगत यायचे. लोकांनी त्यातून पळवाट काढली. 1 जूनपासूनची पावसाळी बंदी माहीत असलेल्या मुलांना हा किस्सा एका फटक्यात कळेल, आणि म्हणूनच तो सांगायचा मोह होईल. पण किस्सा आहे तो हुकूम मोडण्याचा, मासळी वाचवण्याचा नाही, आणि त्याच्या शेवटी माणसांची माकडं होतात. तुमच्या वर्गात कुणाच्या बापाचं माकड होणार हे सांगायला नकोच. त्याऐवजी अबू दाऊदमधली ती छोटी गोष्ट घ्या. सफरीत काही साथीदारांनी एका पाखराची दोन पिल्लं उचलली, आई पंख पसरून फडफडत घिरट्या घालायला लागली. पैगंबरसाहेब आले, विचारलं, “हिच्या पिल्लांवरून हिला कुणी दुखवलं? पिल्लं परत द्या.” ह्यात कुणाला शिक्षा नाही. पिल्लं परत जातात आणि गोष्ट संपते. लहानांसाठी सूरह नम्लमधली मुंगी आहेच, जी सुलेमानच्या फौजेची चाहूल लागताच बाकीच्या मुंग्यांना म्हणते, बिळात चला, नाहीतर त्यांच्या नकळत तुम्ही चिरडले जाल. ‘नकळत’ ह्या शब्दावर थांबा. मुंगीसुद्धा फौजेवर आरोप करत नाही, एवढंच दाखवून पुढं जा.

तुम्ही आलिमा नाही, मीही नाही. म्हणून एक शिस्त पाळा: वर्गात सांगायची हदीस आधी इमामसाहेबांना दाखवायची. उदाहरणार्थ, वाहत्या नदीवरसुद्धा वुजूत उधळपट्टी करू नये, ही हजरत सअद ह्यांना सांगितलेली प्रसिद्ध हदीस इब्ने माजामध्ये आहे, सगळीकडे छापतात, पण तिच्या सनदीला (सांगणाऱ्यांच्या साखळीला) अनेक मुहद्दिस (हदीसचे जाणकार) कमजोर म्हणतात. तीवर सगळा भार टाकू नका, बुखारीतली मुद्दची हदीस पुरेशी आहे. शिवाय विचारायला गेलात की इमामसाहेब तुमच्या कामात आपोआप सामील होतील. विश्वस्तांचं तोंड तुमच्यापेक्षा ते लवकर बंद करतील.

इफ्तारीच्या पेल्यांचं ओझं मुलांवर टाकू नका. ते पेले मुलांनी विकत आणलेले नाहीत. जमातीच्या बैठकीत बायकांकडून निरोप जाऊ द्या की पुढच्या रमजानला स्टीलचे पेले घ्यायचे, आणि ते धुवायचा पहिला आठवडा आम्ही घेऊ, पुढचे तीन पुरुषांनी वाटून घ्यावेत. ही दुसरी अट आधी लिहून घ्या. मी एकदा तोंडी घेतली होती, महिनाभर आम्हीच पेले घासत बसलो.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, जे मी वर छापलं नाही, की वुजूखान्यातला तिसरा नळ वर्षभर टपटपतोय आणि त्याच्या खालीच तुमचा वर्ग भरतो. आपा, मुलं रोज तो आवाज ऐकत फसादचा अर्थ शिकतायत. उद्या बाजारातून वायसर आणा, पाना कुणाकडून तरी मागून घ्या आणि त्या खलाशाचा मुलगा परत आला असेल तर नळ त्यालाच खोलू द्या. मुख्य कॉक आधी बंद करायला सांगा.